तुळजापूर ते हायडेलबर्ग: ज्ञान गेले, परतीचे काय?

१९९५ साली जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरातून तुळजापूरच्या भवानीवर एक ग्रंथ निघाला. लेखक रोलांड यान्सन. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संशोधनमालेतले हे पुस्तक. भारतीय लोकधर्मातल्या एका देवीच्या उपासनेचा धर्मैतिहासिक अभ्यास, असे त्याचे उपशीर्षक आहे. ज्या देवीच्या दारात आराध्यांची कवड्यांची माळ आणि गोंधळ्यांचे संबळ पिढ्यान्‌पिढ्या वाजत आले, तिच्यावर युरोपातल्या एका नामांकित विद्यापीठात प्रबंधाच्या तोडीचे काम झाले, ही धाराशिव जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पण ती सांगणारे जिल्ह्यात फार थोडे सापडतील. पुस्तक जर्मनमध्ये आहे, आणि तुळजापुरात ते वाचू शकणारा माणूस शोधावाच लागेल.

दोन देशांमधल्या शैक्षणिक संबंधांविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा दिल्ली-मुंबईच्या बाजूने: कोणता करार झाला, कोणते शिष्टमंडळ आले, कोणाला मानद पदवी मिळाली. हा आढावा उलट्या टोकाने, ज्या जिल्ह्याचा अभ्यास झाला त्या जिल्ह्याच्या बाजूने घ्यायचा आहे. भारत आणि जर्मनी हे दोन देश मुख्यतः समोर ठेवतो, कारण मराठी मुलखाशी सर्वांत दीर्घ आणि गंभीर विद्याव्यवहार जर्मनांनी केला. इंग्लंड आणि इटली वाटेत येतील, कारण जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन नगराची गोष्ट त्यांच्याशिवाय सांगता येत नाही.

सुरुवात एका इंग्रज अधिकाऱ्यापासून करावी लागते. कर्नल फिलिप मेडोज टेलर १८५३ मध्ये नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारी म्हणून आला. निजामाकडून कंपनीने नुकताच ताब्यात घेतलेला हा मुलूख. टेलरने उमेदीचा काळ निजामाच्या नोकरीत घालवला होता, त्यामुळे दरबार आणि रेसिडेन्सी या दोन्हींची भाषा त्याला येत होती. नळदुर्गच्या किल्ल्यात तो राहिला, तुळजापूर त्याच्या नित्याच्या फेऱ्यांतले. पुढे इंग्लंडला परतल्यावर १८६३ मध्ये त्याने ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरच्या पुजारी घराण्यातली. तुळजापूर इंग्रजी वाचकाच्या नकाशावर आले ते या कादंबरीमुळे. टेलरला या मुलखाविषयी माया होती, हे त्याच्या आत्मचरित्रावरूनही दिसते. पण हा व्यवहार एकतर्फी होता. सत्ता त्याची, लेखणी त्याची, वाचकही त्याचेच.

जर्मनांशी आलेला संबंध वेगळा पडतो. त्यांची इथे सत्ता नव्हती, म्हणून पंडितांशी बोलताना त्यांना हुकूम सोडता येत नव्हता. मार्टिन हाउग आणि त्यांच्यामागून फ्रान्झ कीलहॉर्न हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला आले. पतंजलीच्या महाभाष्याची कीलहॉर्न यांची आवृत्ती शास्त्र्यांच्या सहवासात तयार झाली आणि आजही आधाराला घेतली जाते. पुढे ते ग्यॉटिंगनला प्राध्यापक झाले. त्याच ग्यॉटिंगन विद्यापीठाने १८८५ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना डॉक्टरेट दिली आणि पुढच्याच वर्षी भांडारकर व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले. शिकवायला आलेले परत गेले आणि इथला विद्वान तिथे बरोबरीने बसला. ही बरोबरी कोणत्याही खात्याने घडवून आणलेली नव्हती.

या बरोबरीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ती. अशी आवृत्ती हवी, हा आग्रह मॉरिझ विंटरनिट्झ यांनी १८९७ मध्ये पॅरिसच्या परिषदेत धरला. हाइनरिश ल्युडर्स यांनी १९०८ मध्ये नमुन्याची काही पाने छापून दाखवली. मग पहिले महायुद्ध आले आणि युरोपातले काम खुंटले. ते उचलले पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने. १९२५ पासून संपादनाची धुरा वाहणारे विष्णु सीताराम सुकथनकर हे बर्लिनमध्ये ल्युडर्स यांच्याच हाताखाली तयार झालेले. म्हणजे कल्पना युरोपची, पद्धत बर्लिनची, पण हस्तलिखिते, पंडित, पैसा आणि चार दशकांची चिकाटी इथली. १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत या कामाची सांगता झाली. शैक्षणिक सहकार्याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

त्याच पिढीतल्या इरावती कर्वे यांचे उदाहरण मात्र आठवणीने सांगायला हवे, कारण सहकार्य म्हणजे मान डोलावणे नव्हे हे त्यातून कळते. बर्लिनमध्ये ओइगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्या कवट्यांचा अभ्यास करीत होत्या. गुरूला हवे होते वंशश्रेष्ठत्वाला पोषक असे अनुमान. इरावतीबाईंना मोजमापात ते दिसले नाही, आणि जे दिसले तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. परक्या देशात शिकणाऱ्या तरुण बाईने हे करणे सोपे नव्हते. आज परदेशी विद्यापीठाच्या प्रकल्पात सामील होणाऱ्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा प्रसंग माहीत असला पाहिजे. रा. ना. दांडेकरही जर्मनीतच शिकलेले, पण हायडेलबर्गला. १९३८ मध्ये तिथे वैदिक माणसावर प्रबंध लिहून ते परतले आणि पुढे अनेक दशके भांडारकर संस्थेचे मानद सचिव राहिले. जागतिक संस्कृत परिषदांमध्ये पुण्याचा शब्द ऐकला जाई, त्यामागे त्यांची ही दुहेरी ओळख होती.

मात्र हे सगळे घडले पुण्यात, आणि संस्कृतात. धाराशिव, तेर, नळदुर्ग ही गावे तोवर परत निजामाच्या राज्यात गेली होती. मराठवाड्यातला हुशार मुलगा उच्च शिक्षणासाठी हैदराबादला जाई, तेही उर्दूतून. मराठवाड्याच्या वाट्याला परदेशी विद्वान आले ते पाहणीदार म्हणून. जेम्स बर्जेस यांनी १८७८ च्या अहवालात धाराशिवच्या लेण्यांची नोंद घेतली. हेन्री कझन्स यांनी तेरचे त्रिविक्रम मंदिर पाहिले आणि विटांची ती गजपृष्ठाकार वास्तू मुळात बौद्ध चैत्य असावी हे ओळखले. आणि जॉन फ्लीट यांनी १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जुना वाद मिटवला: ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मधले तगर म्हणजे तेरच. तोवर कोणी तगर दौलताबादला नेऊन ठेवले होते, कोणी धारूरला, कोणी जुन्नरला.

तेरवर जरा थांबू. पेरिप्लस सांगते की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर. तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल असा माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई आणि तिथून समुद्रापार. एकोणीसशे वर्षांनंतर, १९३८ मध्ये, अमेदेओ मायुरी यांना पॉम्पेईच्या उत्खननात एक हस्तिदंती मूर्ती सापडली. सुमारे २४ सेंटिमीटर उंच, अंगभर दागिने, हातभर बांगड्या, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत ती गाडली गेली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे, आणि तशीच एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडली. पॉम्पेईची मूर्ती आरशाची मूठ की एखाद्या चौरंगाचा पाय, ती कुठे घडली, यावर इटालियन, डच, ब्रिटिश आणि भारतीय अभ्यासकांनी लेख लिहिले. ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, ती मुंबईच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटने छापली. पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी १९५८ मध्ये तेरला उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६९ मध्ये आला.

या सगळ्यात ज्याचे नाव परदेशी तळटिपांत क्वचित येते तो माणूस म्हणजे रामलिंगप्पा लामतुरे. पावसाळ्यात पांढरीच्या मातीतून वर येणारे मणी, केओलिनच्या बाहुल्या, रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती, शिक्के या गावकऱ्याने आयुष्यभर गोळा केले आणि शासनाच्या स्वाधीन केले. लामतुऱ्यांनी जमवले नसते, तर बॅरेट यांना लिहायला काय उरले असते? विद्यापीठांच्या करारांवर सह्या करणाऱ्यांच्या यादीत अशा माणसासाठी जागा नसते. ती असायला हवी, हे माझे स्पष्ट मत आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९६२ मध्ये हायडेलबर्गला दक्षिण आशिया संस्था स्थापन झाली. जर्मन अभ्यासक संस्कृत पोथ्यांकडून आता जिवंत भाषांकडे आणि माणसांकडे वळू लागले. या वळणाचा मराठी चेहरा म्हणजे ग्युंटर-डीट्झ सोन्थायमर. मूळचे हिंदू कायद्याचे अभ्यासक, पण महाराष्ट्रात आले आणि धनगरांच्या वाड्यांवर रमले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये निघाला. अॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ चा. कायद्याचा अभ्यासक देवांकडे का वळला, याचे उत्तर धाराशिव जिल्ह्यातच पाहता येते. तुळजापूर तालुक्यात अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. मूर्ती वर्षातला बहुतेक काळ अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. दरवर्षी देव नेताना-आणताना दोन्ही गावांचे मानकरी आणि पुजारी एकत्र बसतात आणि रीतसर लेखी करार करतात. देव किती दिवस कुणाकडे, परत केव्हा, सगळे कागदावर. इथे धर्म, हक्क आणि करार एकाच ओट्यावर बसलेले असतात. दोन देशांच्या विद्यापीठांनी या दोन गावांकडून एक कलम उचलावे: परत कधी आणायचे, हे नेतानाच ठरते.

सोन्थायमर यांचे मोठेपण एकट्याचे नव्हते. डॉ. रा. चिं. ढेरे आणि ते यांच्यात जे आदान-प्रदान चालले, ते या सबंध इतिहासातले मला सर्वांत मोलाचे वाटते. ढेरे पुण्यात, बहुतांशी स्वतःच्या ग्रंथसंग्रहाच्या बळावर काम करणारे, मराठीतूनच लिहिणारे. तुळजाभवानी, लज्जागौरी, खंडोबा, विठ्ठल हे त्यांचे विषय. लज्जागौरीच्या मूर्ती तेरला सापडल्या आहेत, तुळजाभवानी तर जिल्ह्याचीच. जर्मन विद्वानाने या मराठी संशोधकाला माहिती पुरवणारा म्हणून वागवले नाही, सहाध्यायी म्हणून वागवले. १९९२ मध्ये सोन्थायमर अकाली गेले, पण ही रीत टिकली. ज्या ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो ग्रंथ फेल्डहाउसबाईंनी इंग्रजीत नेला आणि २०११ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. त्याआधी शं. गो. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांनी मिळून जुन्या मराठीचा कोश केला. तुळपुळ्यांचा मराठी वाङ्‌मयाचा इंग्रजी इतिहास तर १९७९ मध्ये जर्मनीतल्या वीसबाडेनहून निघाला होता. टोरांटोच्या नरेंद्र वागळे यांनी पुढाकार घेतलेल्या महाराष्ट्रविषयक परिषदा पुढे हायडेलबर्गपासून मॉस्कोपर्यंतच्या अभ्यासकांना एकत्र आणत राहिल्या.

आता मुत्सद्द्यांचे काय? त्यांचे काम दिसत नाही, म्हणून ते कमी लेखले जाते. परदेशी संशोधकाला तुळजापुरात वर्षभर राहायचे तर संशोधनाचा व्हिसा लागतो, भारतीय विद्यापीठाची संलग्नता लागते, सरकारची परवानगी लागते. दूतावासातला एखादा अधिकारी ती फाइल पुढे सरकवतो की बाजूला ठेवतो, यावर एका ग्रंथाचे भवितव्य ठरते. काही मुत्सद्दी याहून पुढे गेले. औंधच्या राजघराण्यातले आप्पासाहेब पंत १९४८ पासून पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त होते. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिष्यवृत्त्या मिळाव्यात आणि नैरोबीत गांधीजींच्या नावाने उच्च शिक्षणाची संस्था उभी राहावी यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. आजच्या नैरोबी विद्यापीठाच्या मुळांमध्ये त्या प्रयत्नाचाही अंश आहे. पुढे ते रोममध्येही राजदूत होते.

जर्मनीकडून हर्बर्ट फिशर यांचे नाव घ्यावे लागेल. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेला हा तरुण १९३६ मध्ये गांधीजींकडे आला, वर्ध्याच्या परिसरात रचनात्मक कामात राहिला. युद्धानंतर पूर्व जर्मनीत परतला आणि १९७२ मध्ये भारताने त्या देशाला मान्यता दिल्यावर तिथला पहिला राजदूत म्हणून दिल्लीला आला. २००३ मध्ये भारताने त्यांना पद्मभूषण दिले. वर्ध्याच्या मातीत हात घातलेला माणूस राजदूताच्या खुर्चीत बसतो, तेव्हा त्याला भारत अहवालांतून समजून घ्यावा लागत नाही.

पण राजकारणाच्या सावलीत उभे राहिलेले संबंध किती ठिसूळ असतात याचेही उदाहरण आहे. १९२५ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने कार्लो फोर्मिकी आणि ज्युसेप्पे तुच्ची यांना पुस्तकांच्या भेटीसह शांतिनिकेतनला पाठवले. पुढच्या वर्षी रवींद्रनाथ इटलीला गेले, तिथल्या वृत्तपत्रांनी त्यांचे शब्द फॅसिझमच्या प्रचारासाठी वापरले, आणि रवींद्रनाथांना जाहीरपणे त्याचा निषेध करावा लागला. सरकारी मैत्री तिथेच विस्कटली. तुच्ची मात्र भारतात राहिले, शिकवत राहिले, आणि पुढे तिबेटविद्येतले युरोपातले अग्रगण्य नाव झाले. सरकारांचे बिनसले तरी अभ्यासकाने धरलेला धागा सुटत नाही, हे यातून दिसते.

या सगळ्या मानव्यविद्येच्या कथेत धाराशिव जिल्ह्याला एक वेगळे, फार जड प्रकरण जोडलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. केंद्र लातूर जिल्ह्यात, पण तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले सास्तूर आणि आसपासची गावेही जमीनदोस्त झाली. दोन्ही जिल्हे मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. स्थिर मानल्या गेलेल्या दख्खनच्या पठारावर हे घडल्याने जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ इकडे आले. पॉट्सडॅमच्या भूविज्ञान संशोधन केंद्राचे पथक उपकरणे घेऊन आले आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेबरोबर त्यांनी नंतरच्या धक्क्यांच्या नोंदी घेतल्या. त्यावरचा संयुक्त लेख १९९४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक संस्थेने प्रसिद्ध केला. जर्मन आणि भारतीय नावे एका लेखावर बरोबरीने आली. विज्ञानात हे सहज होते, कारण तिथे मोजमापाची भाषा एक असते आणि निष्कर्ष लवकर मांडावे लागतात. धनगराची ओवी किंवा आराध्याचे गाणे अभ्यासताना गाणारा आणि लिहिणारा यांच्यातले अंतर तसेच राहते. ध्वनिमुद्रण परदेशी विद्यापीठाच्या संग्रहात जाते, आणि गाणाऱ्याच्या नातवाला ते ऐकायचे असेल तर कुठे विचारायचे हेही ठाऊक नसते.

जिल्ह्यात आज उणीव संस्थांची नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र तुळजापुरात १९८६ पासून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवला आहे. तेरला संग्रहालय आहे, त्यात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट आहे, सातवाहनांपासूनचा ऐवज आहे. जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन धाराशिवलाच भरले होते, तेव्हा गावाने काय उभे केले ते सर्वांनी पाहिले. उणीव आहे ती या संस्थांना परदेशी अभ्यासाशी थेट जोडणाऱ्या दुव्याची. आजवर परदेशी संशोधक पुणे किंवा हैदराबाद गाठतो, तिथली संलग्नता घेतो, तुळजापूरला ‘क्षेत्रकार्य’ करतो आणि निघून जातो. जिल्ह्यातला पदव्युत्तर विद्यार्थी त्याच्याबरोबर फिरतो, माणसे गाठून देतो, बोली समजावून सांगतो. पुस्तकात त्याचे नाव आभारांच्या परिच्छेदात येते, आले तर.

हे बदलायला मोठा पैसा लागत नाही. तुळजापूर, तेर, नळदुर्ग यांविषयी परदेशात जे काही छापून आले त्याची एक प्रत आणि पंचवीस-तीस पानांचा मराठी सारांश धाराशिवच्या उपकेंद्रात जमा करण्याची अट प्रत्येक संलग्नतेच्या पत्रात घालता येईल. ध्वनिमुद्रणाची प्रत गावाला परत मिळावी, हे तर उघड आहे. जर्मन शिकवण्याची पुण्यात जुनी परंपरा आहे. त्यातले दोन शिक्षक वर्षातून एक सत्र धाराशिवला आले तर पाच वर्षांत जिल्ह्यातच जर्मन वाचणारी चार मुले तयार होतील. त्यांना पहिले काम देता येईल ते यान्सन यांचे तुळजाभवानीवरचे पुस्तक मराठीत आणण्याचे. भवानीची घोरनिद्रा, श्रमनिद्रा, नगरकडून येणारा पलंग, बुऱ्हाणनगरची पालखी हे सारे ज्या घरांत पिढीजात चालत आले, त्या घरांतल्या माणसांनी ते वाचावे, चुका असतील तर दाखवाव्यात, आणि त्या दुरुस्त्या हायडेलबर्गला लिहून कळवाव्यात.

इटलीशीही बोलता येईल. नेपल्स आणि तेर या दोन संग्रहालयांनी मिळून हस्तिदंती मूर्तींची एक संयुक्त सूची करावी, मराठी, इटालियन आणि इंग्रजीत, तेरच्या वस्तूंची छायाचित्रे तेरमध्येच काढून. भोकरदनच्या मूर्तीलाही तीत जागा असावी. रोममधला भारतीय दूतावास आणि महाराष्ट्राचे पुरातत्त्व खाते यांच्यात दोन-चार पत्रांत हे सुरू होऊ शकते. आणि सूचीच्या पहिल्या पानावर रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव छापावे.